जुन्या स्प्लेंडरचे मागचे शॉकअप गेलेत: एकच बदलू, रिपेअर करू की नवी जोडी घेऊ?

कृष्णाकाठ_२००६ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, २००६ चं मॉडेल. मागचे दोन्ही शॉकअप कंपनीतून आलेलेच आहेत, पाच खाचांचा ॲडजस्टर (स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारी फिरती कडी) असलेले.

उजव्या शॉकअपवरून तेल उतरतंय, खालच्या नटाभोवती काळी ओली माती साचलीय. डावा कोरडा आहे. एकटा असताना गाडी बरी चालते, पण डबलसीट असलं की खड्ड्यात मागून ठप्प असा आवाज येतो. बारीक खडीवर वेगळीच खटखट येते, ती कोणत्या बाजूने येते ते नीट कळत नाही. आठवड्यातून काही दिवस गाडीवर ४० लिटरचे दोन दुधाचे कॅनही असतात.

एक मिस्त्री म्हणतो, फक्त उजव्याचं सील आणि ऑइल बदलू. दुसरा म्हणतो, जाड तारेची हेवी जोडी टाका, कटकट मिटेल. काय करावं? आणि घरी करायचं झालं तर काय काय लागेल? पाने, गोटी पाने आणि टॉर्च घरात आहे.

---

चेनकव्हर

दादा, पार्ट आणण्याआधी खटखट कुठून येतेय ते पक्कं करा. ठप्प आणि खटखट हे दोन वेगळे आजार आहेत. ठप्प म्हणजे शॉकअप शेवटपर्यंत दाबला जाऊन आदळतोय. खटखट म्हणजे कुठेतरी लूज आहे, आणि ते शॉकअपमध्येच असेल असं नाही.

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत ठेवा. आता क्रमाने बघा:

चिमट्याचं (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, म्हणजे स्विंगआर्म) मागचं टोक एक्सलजवळ धरून डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर चिमट्याचे बुश गेलेत. तसं असेल तर नवे शॉकअप टाकूनही गाडी वळणावर मागून झुलत राहणार.

चाक वर-खाली बाजूंनी धरून आडवं हलवा. चिमटा जागेवर आणि चाक हलतंय, असं असेल तर चाकाचं बेअरिंग.

मग एका माणसाने चाक खालून उचलत-सोडत राहायचं आणि दुसऱ्याने शॉकअपच्या वरच्या नटावर बोट ठेवायचं. नंतर खालच्या. डोळ्यातलं (शॉकअपच्या टोकाच्या गोल कडीतलं) रबर बुश झिजलं असेल तर बोटाला हादरा स्पष्ट कळतो. २००६ च्या गाडीत मूळ रबर असेल तर ते बहुधा कडक होऊन गोल भोकाचं लांबट झालेलं असणार. खडीवरची खटखट बऱ्याचदा तिथलीच निघते.

शॉकअपची स्वतःची परीक्षा: गाडी जमिनीवर, मागचा कॅरिअर धरून सगळा भार टाकून दाबा आणि एकदम सोडा. मागचं अंग वर येऊन तिथेच थांबायला हवं. वर, खाली, पुन्हा वर असं झुललं तर ऑइलचं काम संपलंय.

डावा कोरडा आहे म्हणून तो चांगला असं मानू नका. आतल्या पिस्टनची झडप झिजली किंवा ऑइल पातळ झालं तरी बाहेर थेंबही दिसत नाही. भार स्प्रिंग पेलते आणि ऑइल त्या स्प्रिंगला आवरतं, ही दोन कामं वेगळी ठेवून विचार केला की पुढचं सगळं सोपं जातं.

एक गोष्ट आजच बघून घ्या. गळणारं ऑइल खाली चिमट्यावर येतं आणि तिथून टायरच्या कडेवर किंवा ब्रेक ड्रमच्या बाजूला जाऊ शकतं. टायर ओला दिसला तर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा आणि तोवर गाडी जपून चालवा.

---

रिंगपाना_१४_१७

जोडीच बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर एका बाजूला चिमटा पटकन थांबतो, दुसऱ्या बाजूला उशिरा. चिमट्याला पीळ बसतो, खड्ड्यात गाडी एका अंगाला ओढते आणि नव्या शॉकअपवर दोघांचा भार पडतो.

सील-ऑइल रिपेअरबद्दल सरळ सांगतो. या गाड्यांच्या शॉकअपची बॉडी कारखान्यात तोंड दाबून बंद केलेली असते, खोलण्यासाठी बनवलेलीच नसते. रिपेअरवाला ते तोंड कापतो, सील टाकतो आणि पुन्हा वेल्ड मारतो. त्यात तीन ठिकाणी गडबड होते. दांड्याच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर नवं सील त्यावर घासून फाटतं. वेल्डिंगची उष्णता त्याच सीलला लागते. आणि ऑइल मोजून न भरता अंदाजाने, बऱ्याचदा इंजिन ऑइल किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल भरतात. जाड ऑइलमुळे शॉकअप दाबल्यावर वर यायला वेळ लावतो. एका मागोमाग खड्डे आले की पहिल्यातून वर येण्याआधी दुसरा येतो, शॉकअप खालीखाली बसत जातो आणि शेवटी आदळतोच. हाताने दाबून बघितलं की मात्र मस्त कडक वाटतं, म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

नवी जोडी घेताना:

जुन्या शॉकअपच्या वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. नव्याची लांबी तीच हवी. एक-दोन एमएम इकडे-तिकडे चालेल. १० एमएम जास्त झाली तर डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकायला लागतं, चेनचा कोन बदलतो आणि पुढचं हँडल हलकं वाटू लागतं.

डोळ्यातल्या लोखंडी बुशचं आतलं भोक आणि रुंदी, दोन्ही मोजा. बुश रबराच्या दोन्ही बाजूंना किंचित बाहेर असला पाहिजे. नट आवळल्यावर वायसरने बुशला धरायचं असतं, रबराला नाही. बुश आखूड असेल तर वायसर रबर दाबतं, डोळा जाम होतो आणि ते रबर लवकर फाटतं.

कंपनीचा पार्ट घ्या, किंवा जे कारखाने गाडीच्या कंपन्यांनाच माल पुरवतात त्यांचा घ्या. हिरोला मुंजाल शोवा पुरवठा करत आलीय. गॅब्रिएल आणि आपल्या वाळूजची एन्ड्युरन्स यांचा मालही सुट्या भागांच्या बाजारात मिळतो. खोक्यावर मॉडेलचं नाव, पार्ट नंबर, छापील किंमत आणि तयार केल्याचा महिना बघून घ्या. सुट्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला माल घेऊ नका.

आता घरचं काम. बहुतेक गाड्यांवर १४ किंवा १७ नंबरचा रिंग पाना किंवा गोटी लागते. उघडा पाना डोम नटावर (एका बाजूने टोपीसारखा बंद असलेला नट) वापरूच नका, कोपरे गोल होतात. वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, थोडं ग्रीस, लाकडी फळीचा तुकडा आणि ॲडजस्टर फिरवायचा हूक पाना. शक्य असेल तर चार नवे रबर बुश आणि वायसर जवळ ठेवा, जोडीबरोबर नेहमी येतातच असं नाही.

१. आदल्या रात्री चारही नटांवर ब्रश मारून स्प्रे सोडा.

२. ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सगळ्यात मऊ खाचेवर आणा.

३. गाडी सपाट, टणक जमिनीवर डबल स्टँडवर. नट पहिल्यांदा सोडवताना पाना असा लावा की जोर खालच्या दिशेने पडेल. पुढे ढकलला तर गाडी स्टँडवरून उतरते.

४. साडीगार्ड, कॅरिअर किंवा कॅनची फ्रेम वरच्याच नटात अडकवलेली असेल तर वायसर आणि पट्ट्या कोणत्या क्रमाने आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

५. एका वेळी एकच शॉकअप. डावा काढा, नवा बसवा, नट हाताने आवळा, मगच उजव्याला हात लावा. दोन्ही एकदम काढले तर चिमटा चाकासकट खाली पडतो, ब्रेक रॉड आणि चेन कव्हरवर ताण येतो आणि भोकं जुळवायला दोन माणसं लागतात.

६. खालचा बोल्ट आधी काढा, मग वरचा डोम नट. शॉकअप बाहेर सरळ ओढा. बुश खुंटीवर (शॉकअप ज्या आटेदार दांड्यावर अडकतो ती) गंजून चिकटला असेल तर रबराच्या कडेने स्प्रे मारून शॉकअप डावी-उजवीकडे पिळत काढा. हातोडी मारायचीच असेल तर मध्ये लाकूड धरा.

७. उघड्या पडलेल्या खुंटीवरचा गंज पॉलिश पेपरने काढा, ग्रीसचा पातळ हात फिरवा. आट्यांवर ग्रीस थापू नका.

८. नवा शॉकअप आधी वर अडकवा. खालचं भोक दोन-चार एमएम चुकत असेल तर चाकाखाली फळी सरकवून चाक किंचित उचला. बोल्ट ठोकून घालू नका.

९. चारही नट हाताने बसले की गाडी स्टँडवरून उतरवा, एकाला सीटवर बसवा आणि तेव्हा शेवटचं आवळा. रबर बुश आवळताना ज्या कोनात असतो तो त्याचा मूळ कोन होतो. चाक लटकत असताना आवळलं तर गाडी चालताना रबर कायम पिळलेलं राहतं.

किती आवळायचं: १० एमएमच्या आट्यांना साधारण ३ ते ४ किलोग्रॅम-मीटर टॉर्क (पिळाचा जोर). टॉर्क पाना नसेल तर फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० ते १३ किलोचा जोर, म्हणजे एका हाताने नेटाने ओढल्याइतका. पान्यावर पाइप घालू नका.

---

कृष्णाकाठ_२००६

फार उपयोगी. तपासलं. चिमटा घट्ट आहे, बेअरिंग ठीक. उजव्या शॉकअपच्या वरच्या नटावर बोटाला हादरा लागतो. पण नट पान्याने हलतही नाही, पूर्ण आवळलेला आहे. मग लूज कसं? शिवाय डावा डोम नट इतका गंजलाय की कोपरे दिसत नाहीत.

---

चेनकव्हर

नट आवळलेला आणि तरी हादरा, याची दोन कारणं असतात. एक, रबर संपलंय. दुसरं जास्त फसवं: कोणीतरी आधी काम करताना वायसर किंवा साडीगार्डची पट्टी काढून टाकली. डोम नटाचं तोंड बंद असतं. मधली जाडी कमी झाली की नट खुंटीच्या टोकाला आतून टेकतो. पान्याला तो पूर्ण घट्ट लागतो, पण शॉकअपच्या डोळ्याला त्याने धरलेलंच नसतं.

नट काढल्यावर आत डोकावा. टोपीच्या तळाला चकचकीत गोल खूण दिसली तर हेच झालंय. योग्य जाडीचं वायसर परत टाका. तपासायचं असेल तर डोम नटाऐवजी तात्पुरता त्याच आट्यांचा साधा नट लावून बघा, खटखट गेली तर निदान पक्कं.

---

मालवणी_गंज

गंजलेल्या डोम नटाविषयी सांगतंय, कारण खाऱ्या वाऱ्यात हे रोजचंच काम. वरची खुंटी गाडीच्या फ्रेमला वेल्ड केलेली असते. ती तुटली तर शॉकअप बदलण्याचं काम बाजूला राहून फ्रेमचं वेल्डिंग मागे लागतं. म्हणून इथे घाई नको.

स्प्रे मारल्यावर नटाच्या सपाट बाजूंवर छोट्या हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके द्या. जोराचे नकोत, टकटक इतकेच. त्याने आट्यांमधला गंज तडकतो आणि तेल आत शिरतं. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा. मग पाना लावल्यावर आधी आवळायच्या दिशेने अगदी किंचित हलवायचा प्रयत्न करा, मग सोडवा. थोडा सुटला की पाव फेरा मागे, स्प्रे, पुन्हा पुढे. एका दमात ओढत राहिलात तर गंजाची पूड आट्यांत अडकून खुंटी पिळली जाते. सोडताना नट रबरासारखा लवचिक फिरतोय असं वाटलं की लगेच थांबा. तेव्हा खुंटीच पिळली जात असते.

कोपरे गेलेले असतील तर सहा कोनांची गोटी ठोकून बसवा. बारा कोनांची घसरते. त्यानेही नाही झालं तर नटाला एका बाजूने कानसून किंवा ग्राइंडरने उभी खाच पाडा आणि छिन्नीने फोडा. नट जाऊ दे, आटे वाचवायचे. गॅसची ज्योत लावायची नाही. पेट्रोलची टाकी, सीटचा फोम आणि वायरिंग सगळं तिथून हातभर अंतरावर असतं.

काम झाल्यावर डोम नटाच्या कडेला बाहेरून ग्रीसचं बोट फिरवून ठेवा. पावसाळा संपला की पुसून नवं लावा.

---

भारवाहक

हेवी जोडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दुधाचा विषय आहे, त्यामुळे इथे खरंच विचार करायला हवा.

४० लिटर दूध म्हणजे जवळपास ४१ किलो. दोन कॅनचं वजन धरून ९० किलोच्या वर जातं. म्हणजे मागे एक दणकट माणूस बसल्याइतकंच. पण माणूस सीटवर, एक्सलच्या थोडा पुढे बसतो आणि कॅन बऱ्याचदा एक्सलच्याही मागे लटकतात. वजन एक्सलच्या मागे गेलं की मागच्या चाकावर कॅनच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो आणि जितका जास्त येतो तितकाच पुढचा भार कमी होतो. हँडल हलकं होतं, पुढचा ब्रेक पकडत नाही. त्यामुळे पहिला उपाय शॉकअपचा नाही, फ्रेमचा: कॅन शक्य तितके पुढे आणि खाली येतील अशी फ्रेम करून घ्या. आणि ती फ्रेम शॉकअपच्या वरच्या खुंटीवर टांगू नका. ती खुंटी शॉकअपसाठी आहे. कॅनचे हिसके तिच्यावर आडवे बसतात आणि वेल्डच्या मुळाशी चीर पडते. जुना शॉकअप काढाल तेव्हा तिथली माती पुसून टॉर्चने नक्की बघा. रंगाला केसासारखी गंजाची रेघ दिसली तर नवा शॉकअप चढवण्याआधी वेल्डरकडे.

जाड तारेची स्प्रिंग: स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी मापं तीच ठेवून तार ७ एमएमची ८ केली तर स्प्रिंग सुमारे ७० टक्के कडक होते. ऐकायला एका एमएमचा फरक आहे. पण आतलं ऑइल आणि झडपा जुन्याच हिशोबाच्या असतील तर त्या स्प्रिंगला आवरू शकत नाहीत. रिकामी गाडी गतिरोधकावर उडते, चाक जमीन सोडतं, नेमकं ब्रेक लावायच्या वेळी. रोज सगळे फेरे भरलेल्या कॅनचे असतील तर हेवी जोडी समजू शकतो. आठवड्यातून काही दिवस असेल तर कंपनीच्या मापाची जोडी घ्या आणि ॲडजस्टर वापरा. तो त्यासाठीच दिलाय.

पाच खाचांपैकी एकट्याला पहिली-दुसरी, डबलसीटला तिसरी-चौथी, कॅनला पाचवी. दोन्ही बाजूंना खाच सारखीच, हे मोजून बघा. बरोबर आहे का ते तपासायला एक्सलच्या मध्यापासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत उभं अंतर मोजा, आधी चाक हवेत असताना आणि मग नेहमीचा भार घेऊन. शॉकअपच्या पूर्ण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकीच गाडी भाराने बसली पाहिजे. निम्म्याहून जास्त बसत असेल तर खाच वाढवा. आणि एक लक्षात ठेवा, ॲडजस्टर फक्त स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण वाढवतो. मेलेल्या ऑइलमध्ये जीव आणत नाही. पाचवीवर नेऊनही झुलतेय म्हणून शॉकअप आणखी कडक हवा, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे तुकडे कोंबू नका. तेवढी वेटोळी बंद पडतात आणि उरलेल्यांवर ताण येऊन तार तुटते.

---

कृष्णाकाठ_२००६

कंपनीच्या मापाची जोडी आणली. लांबी जुळतेय, बुश रबराच्या बाहेर आहे. पण एक शॉकअप हाताने फळीवर दाबून बघितला तर सुरुवातीला काहीच विरोध नाही, पोकळ वाटतो. दुसरा ठीक. परत करू का? आणि बसवल्यावर अजून काय बघायचं?

---

रिंगपाना_१४_१७

लगेच परत करू नका. दुकानात खोका आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतली हवा ऑइलच्या नळीत शिरते. शॉकअप गाडीवर जसा बसतो तसाच उभा धरा, जाड बॉडी खाली, दांडा वर. तासभर तसाच उभा ठेवा. मग खालचा डोळा फळीवर टेकवून अंगाचा भार देऊन सावकाश दाबा आणि सावकाश सोडा. आठ-दहा वेळा केल्यावर पोकळपणा गेला पाहिजे आणि वर येताना तो दाबण्यापेक्षा जड लागला पाहिजे. त्यानंतरही पोकळच राहिला, किंवा दांड्यावर ऑइलची ओली कडी दिसली, तर दोन्ही परत द्या. याच कारणाने असा शॉकअप गाडीवर उलटा बसवायचा नसतो.

गॅस भरलेले, बाजूला डबी असलेले शॉकअप, म्हणजे जुन्या पल्सरवर नायट्रॉक्स नावाने येत ते, त्यांना मात्र कापणं, भोक पाडणं, गरम करणं यातलं काहीही करू नका. दाबाखालचा गॅस असतो आत. तुमच्या जुन्या जोडीचीही स्प्रिंग घरी काढत बसू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोट तरी जातं नाहीतर डोळा तरी.

बसवल्यावर बघायचं ते असं. चेन कव्हरच्या रबरी बुचातून चेनचा ढिलेपणा बघा, चाक फिरवत सगळ्यात घट्ट जागी, भार नसताना २० ते ३० एमएम. जुने शॉकअप दबून खाली बसलेले असतील तर चेन आधी त्याच हिशोबाने कोणीतरी ठेवलेली असते, आता चुकीची निघू शकते. मागच्या ब्रेक पॅडलचा मोकळा प्रवास २० ते ३० एमएम. टायरमधली हवा पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट किंवा कॅन असतील तर ४०. मागे २८ वर ठेवून कॅन नेले तर टायरच्या कडा दुमडतात आणि दोष शॉकअपला दिला जातो.

पहिले ५० किलोमीटर झाले की चारही नटांना परत पाना लावा. रबर बसतं आणि नट थोडा सैल पडतो, विशेषतः खालचा उजवा, कारण तिथे सायलेन्सर आड येतो म्हणून पाना अर्धवटच फिरवलेला असतो. सायलेन्सरचा मागचा बोल्ट ढिला करून बाजूला सरकवा आणि मग नीट आवळा.

---

मालवणी_गंज

एक राहिलंच. डाव्या खुंटीचे आटे तपासल्याशिवाय जुनाच डोम नट परत लावू नका. नवा नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. मध्येच अडकला तर डायने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे साफ करून घ्या, पान्याने रेटू नका.